खडूवरची रेघ

महानंदाक्का पांचाळ स्टोव्ह दुरुस्त करायच्या, हरवलेल्या किल्ल्या करून द्यायच्या, शिलाई मशीनही लावून द्यायच्या. हुमनाबादच्या जुन्या बाजारात, रस्त्यापेक्षा जरा खोलगट अशा जागी त्यांचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. मी शिक्षिकेची नोकरी धरून त्या गावात आले, तेव्हा त्यांच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली. बाई फटकळ आहेत, असं मला आधीच सांगण्यात आलं होतं. ते खोटं नव्हतं. कुणी स्टोव्ह घेऊन आलं की त्या टाकी हातात फिरवून सगळ्यांसमोर सांगायच्या, हा पेटवू नका, घरात बायकापोरं आहेत. गिऱ्हाईक चिडलं, दुसरीकडं गेलं, तरी त्यांचं बोलणं मऊ व्हायचं नाही.

त्यांची हकीगत मला त्यांनीच सांगितली, पण एका बैठकीत नाही. आमची ओळख मुरायला काही वर्षं जावी लागली. त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलेलं मी इथं सलग लिहिते आहे.

त्यांचे वडील विरुपाक्षप्पा निजामाच्या काळात एका जहागीरदाराच्या शिलेखान्यात, म्हणजे हत्यारं ठेवायच्या कोठारात कामाला होते. अठ्ठेचाळीस साली पोलीस अ‍ॅक्शन झालं, जहागीर गेली, तशी शिलेखान्याची नोकरीही गेली. मग ते हुमनाबादला आले, बंदुका दुरुस्त करायचा परवाना मिळवला आणि हे दुकान टाकलं. आसपासच्या शेतकऱ्यांकडं रानडुकरांसाठी ठासणीच्या बंदुका असायच्या. मंठाळपासून हळ्ळीखेडपर्यंतची माणसं बंदूक बिघडली की विरुपाक्षप्पांकडं यायची. महानंदाक्कांचं लग्न कमलनगरकडच्या एका घरात झालं होतं. नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या माहेरी परत आल्या. आई तोवर वारली होती. घरात बाप आणि लेक, एवढीच माणसं.

त्याच सुमारास बापाची नजर जायला लागली. काचबिंदू होता, पण त्यांनी कुणा डॉक्टरला दाखवलं नाही. बंदुकीची नळी उन्हाकडं धरून ते लेकीला म्हणायचे, "बघ ग, काय दिसायलंय सांग." ऐकणाऱ्याला वाटावं, बाप लेकीला विद्या शिकवतोय. ती बघून सांगायची, मध्ये गंज आहे, किंवा तोंडाशी नळी दबली आहे. मग विरुपाक्षप्पा गिऱ्हाइकाकडं वळून तेच आपल्या आवाजात सांगायचे. पुढं पुढं तर सांगणंही कमी झालं. ती नुसती हुंकार द्यायची, त्या हुंकाराच्या चढ-उतारावरून बापाला कळायचं. आपल्याला दिसत नाही, हे विरुपाक्षप्पांनी लेकीला कधी सांगितलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. हाताला मात्र सगळं कळायचं. घोडा कितपत झिजलाय, चाप किती दाबला की सुटतो, हे ते बोटांनीच ओळखायचे, आणि तिथं त्यांची चूक होत नसे.

एकसष्ट सालच्या नवरात्रात, अष्टमीच्या सकाळी, हळ्ळीखेडचे श्रीपतराव पाटील आपला मुलगा अंकुशराव याला घेऊन दुकानात आले. फडक्यात गुंडाळलेलं एक सहाबारी पिस्तूल त्यांनी पुढ्यात ठेवलं. काडतुसाचं नव्हे, त्याच्याही आधीच्या काळातलं, टोपीचं. त्याच्या चक्रीला सहा खण. प्रत्येक खणात पुढून बारूद आणि गोळी ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की बार उडायचा. श्रीपतरावांच्या आजोबांना ते कुण्या गोऱ्या साहेबानं दिलं होतं. दसऱ्याला गावाच्या शिवेवर पाटलानं त्याचे बार काढायचे आणि मग गावानं आपटा लुटायचा, अशी त्या घराची चाल होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर हत्यारं सरकारजमा झाली तेव्हा हेही गेलं. पुष्कळ अर्ज-विनंत्या करून ते आता परत मिळालं होतं. या दसऱ्याला अंकुशनं बार काढावेत, अशी श्रीपतरावांची इच्छा होती. अंकुशरावांचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं होतं. पोरगा उंचपुरा, लाजरा, बापापुढं फारसं न बोलणारा.

श्रीपतरावांनी विचारलं ते एवढंच, की हे वाजवायच्या लायकीचं राहिलंय का. राहिलं नसेल तर नुसतं पूजेला ठेवू. पण उत्तर आजच हवं होतं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी दुकानातली सगळी हत्यारं पूजेला बसायची आणि कामाला हात लागायचा नाही.

विरुपाक्षप्पा आणि त्यांची लेक कामाला लागले. आधी पिस्तूल भरलेलं नाही ना, हे बघायचं असतं. महानंदाक्कांनी एक बारीक काडी प्रत्येक खणात घालून तळ लागतो का पाहिलं. एका खणात ती अर्ध्यावरच अडली. कुणी कधी भरून ठेवलेला बार तसाच आत होता. त्यांनी त्यात तेल सोडलं, बारूद भिजू दिली आणि पितळी आकड्यानं गोळी आणि लगदा झालेली बारूद कोरून काढली. मग नळी आणि चक्री वेगळी केली, सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढली, रॉकेलनं पुसली. बोंडं काढून सुईनं त्यांची भोकं मोकळी केली. पुढचं विरुपाक्षप्पांनी केलं. त्यांनी घोडा अर्ध्यावर चढवून अंगठ्यानं जोरात दाबला, तो सुटला नाही. चक्री एकेक खण फिरवून नळीतून काडी घातली, ती प्रत्येक खणात कुठंही न अडखळता सरळ उतरली, म्हणजे खण आणि नळी एका रेषेत येत होते. पिस्तूल कानाशी धरून हलवलं, खुळखुळ नव्हती. नळी आतून स्वच्छ आहे, असं लेकीनं हुंकारानं सांगितलं. श्रीपतरावांचा चेहरा खुलत गेला.

राहिली होती चिरेची परीक्षा. तिची रीत विरुपाक्षप्पांनीच लेकीला शिकवली होती. चक्री रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, काढून कोरडी पुसायची आणि वरून खडूची पूड लावायची. लोखंडाला कुठं चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळी रेघ उमटते. चक्रीच्या अंगावर प्रत्येक खणाजवळ एक खाच असते. बार उडताना चक्री हलू नये म्हणून आतली कळ त्या खाचेत अडकते. तिथं लोखंड सगळ्यात पातळ. एका खाचेपाशी महानंदाक्कांना केसासारखी रेघ दिसली.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अप्पा, खाचेपाशी रेघ उमटायलीय."

विरुपाक्षप्पांनी चक्री हातात घेतली, नख फिरवलं आणि म्हणाले, "कानशीचा ओरखडा हाय."

महानंदाक्कांनी चक्री परत घेऊन पुसली आणि पुन्हा खडू लावला. ओरखडा असता तर पुसल्यावर कोरडा पडला असता. रेघ पुन्हा उमटली. ती बोटाला नव्हे, डोळ्यालाच कळणारी होती.

इतक्यात श्रीपतरावांनी विचारलं, "काय म्हणायल्या बाई?"

"काय न्हाई," विरुपाक्षप्पा म्हणाले. "नवीन हाय अजून ती. प्रत्येक ओरखड्याला भेती."

हे बोलणं महानंदाक्कांना लागलं. इतकी वर्षं ज्या डोळ्यांवर दुकान चाललं, ते नवीन. पण त्याहीपेक्षा दुसरी भीती मोठी होती. आपण आता ताडकन बोललो, तर चक्री हातोहात फिरेल, पाटील बघतील, पोरगा बघेल, सगळ्यांना रेघ दिसेल आणि एकट्या अप्पांना दिसत नाही हे उघड होईल. मग आजवर त्यांनी चांगली म्हणून दिलेल्या प्रत्येक बंदुकीवर लोक संशय घेतील. महानंदाक्कांनी खडू पुसून टाकला.

तरी एक वाट उरली होती. विरुपाक्षप्पांचा नियम होता, की दुरुस्त केलेलं हत्यार माणसाच्या हातात द्यायच्या आधी दूर बांधून वाजवायचं. दुकानामागं ओढा होता. तिथं बाभळीच्या बुंध्याला हत्यार आवळायचं, चापाला दोरी बांधायची आणि बांधाआड बसून ओढायची. पिस्तूल असेल तर प्रत्येक खण वाजवायचा. फुटायचं असेल तर तिथंच फुटेल, कुणाला इजा होणार नाही. पण श्रीपतरावांना परतीची मोटार गाठायची होती. ते म्हणाले, सगळे कशाला, एक-दोन वाजवून बघा. विरुपाक्षप्पा हो म्हणाले आणि पिस्तूल भरायला लेकीकडं दिलं.

बारूद महानंदाक्कांनी भरली. ती रेघेचा खण सोडून दुसऱ्या दोन खणांत भरली. हे सांगताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. हातानंच केलं, असं आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "न्हाई, मला कळत हुतं. तिथं फुटलं असतं तर अप्पांची लाज गेली असती. म्हणून सोडला."

दोन्ही बार नीट उडाले. विरुपाक्षप्पांनी बारूद मोजायची छोटी पितळी नळी श्रीपतरावांना दिली, यापेक्षा जास्त भरू नका म्हणाले, आणि वर म्हणाले, बिनघोर वाजवा.

दसऱ्याला हळ्ळीखेडच्या शिवेवर पहिले बार ठीक उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या खणाची पाळी आली. चक्री फुटली. अंकुशरावांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली, गालात लोखंडाचे तुकडे घुसले. त्यांना जीपमध्ये घालून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. हुमनाबादला बातमी आली तेव्हा महानंदाक्का दुकानाच्या दारात उभ्या होत्या, आणि सांगणाऱ्यानं नाव घ्यायच्या आधीच त्या खाली बसल्या.

चौकशीला पोलीस आले. विरुपाक्षप्पांनी सगळं खरं तेच सांगितलं. नळी बघितली, घोडा बघितला, बांधून वाजवलं, माप दिलं. मापानं भरली असती तर फुटलं नसतं, पोरानं आवाज मोठा यावा म्हणून जास्त भरली असेल, असं ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. महानंदाक्कांना कुणी काही विचारलं नाही. बाईमाणसाला बंदुकीतलं काय विचारायचं. ज्यांच्याकडून फुटलं त्या पाटलांच्या घरातही तेच बोललं गेलं. श्रीपतराव स्वतः मुलाला म्हणाले, तुलाच हौस, तूच जास्त भरलीस.

पोलीस गेल्यावर संध्याकाळी विरुपाक्षप्पांनी लेकीला जवळ बोलावलं.

"त्या दिवशी तू रेघ म्हणालीस," ते म्हणाले. "पुसून पुन्यांदा खडू लावलास तवा परत उमटली का?"

महानंदाक्का म्हणाल्या, "न्हाई, अप्पा."

"मग ओरखडाच हुता," ते म्हणाले आणि त्यांनी सुस्कारा सोडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी परवाना आपणहून परत दिला. हात थरथरायलेत, असं कारण सांगितलं. दुकानात कुलपं आणि स्टोव्ह आले. पण ओळखीचं कुणी आलं की ते हळ्ळीखेडची गोष्ट काढायचे आणि बारूद जास्त भरल्यावर काय होतं ते समजावून सांगायचे. महानंदाक्का मागं कानस चालवत बसायच्या. बाप जिवंत असेपर्यंत खरं सांगणं शक्य नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

सहासष्ट साली विरुपाक्षप्पा गेले. आता सांगायला हरकत नव्हती. पण दिवस घालून झाले, वर्षश्राद्ध झालं, तरी त्या हळ्ळीखेडला गेल्या नाहीत. मेलेल्या बापावर दोष ढकलायला आली, असं लोक म्हणतील असं वाटायचं. कधी वाटायचं, त्यांचं आता नीट चाललं असेल, जुनी जखम उकरून काय करायचं. बाजाराच्या दिवशी हळ्ळीखेडच्या बैलगाड्या यायच्या, तेव्हा त्या दुकान लवकर बंद करायच्या.

बाहत्तरच्या दुष्काळात श्रीपतराव वारले. ती बातमी महानंदाक्कांना एका गिऱ्हाइकानं सहज सांगितली, कुलूप दुरुस्त होईपर्यंत वेळ घालवायला म्हणून. शेवटपर्यंत म्हाताऱ्यानं पोराशी धड बोलणं केलं नाही, असंही तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्या मोटारीनं हळ्ळीखेडला गेल्या.

अंकुशराव घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत बसले होते, डाव्या हातानं. नांगराची रुमणी धरता येत नव्हती, म्हणून जमीन बटईनं दिलेली होती. महानंदाक्कांनी आपलं नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं, बसा म्हणाले आणि आत बायकोला, गीताबाईंना, चहा ठेवायला सांगितलं.

महानंदाक्का म्हणाल्या, "अंकुशराव, चक्रीला चीर हुती. मी बघितली हुती. अप्पांना दिसत न्हवतं. आंधळे झालते ते. मी बोलले न्हाई."

अंकुशराव बराच वेळ शेंगाच निवडत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या अप्पाला दिसत न्हाई, हे आमाला ठाऊक हुतं, अक्का."

महानंदाक्कांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं.

"आमालाच न्हवं, साऱ्या मुलखाला ठाऊक हुतं. त्या दिवशी मोटारीत आबा मला म्हणले, म्हाताऱ्याच्या डोळ्यात काय राहिलं न्हाई, पर पोरगी बघती, आन् ती चांगलं बघती. आमी तुमच्या डोळ्यांवर आलतो."

ज्या लाजेसाठी महानंदाक्का गप्प बसल्या, ती लाज मुळात नव्हतीच. सगळ्यांनी अप्पांचा मान राखून त्यांच्या हातात हत्यारं दिली होती आणि भरवसा लेकीवर ठेवला होता. गीताबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

अंकुशराव पुढं म्हणाले, "मी जास्त बारूद भरली न्हवती. मापानंच भरलती. पर आबा म्हणायचे, तू भरलीस. गाव म्हणायचं. ऐकून ऐकून मलाबी वाटाया लागलं, भरली असंल. हात हालला असंल." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "आबा असताना यायचं हुतं, अक्का."

ते रागानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्या मला म्हणाल्या. चहा पिऊन त्या उठल्या. सोडलेल्या खणाचं सांगायचं राहिलंच. ते सांगायचं ठरवूनच त्या गेल्या होत्या, पण अंकुशरावांचं बोलणं ऐकल्यावर जीभ वळली नाही.

निघताना त्या एवढं म्हणाल्या, की मी गावात सगळ्यांना सांगते, तुमचा दोष नव्हता. अंकुशराव म्हणाले, आता कुणाला सांगता. तरी त्यांनी सांगितलं. चावडीजवळ पारावर काही म्हातारी माणसं बसली होती, त्यांच्यापुढं उभं राहून सांगितलं. माणसांनी ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, असंल. दुसऱ्यानं यंदाच्या जोंधळ्याचं काढलं. ज्या माणसाला हे कळायला हवं होतं तो गेला होता, बाकीच्यांना ती जुनी गोष्ट झाली होती.

तिथून पुढं महानंदाक्का फटकळ झाल्या, असं मला वाटतं. वस्तूत जे दिसेल ते त्या तिथल्या तिथं बोलून टाकायच्या.

चौऱ्याऐंशी साली, मी त्यांच्या शेजारी राहत असताना, एक दिवस गीताबाई स्वतः अक्षता घेऊन आल्या. थोरल्या मुलाचं लग्न होतं. आमच्या मालकांनी तुम्हाला मुद्दाम बोलवायला सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. महानंदाक्कांनी त्यांना हळदीकुंकू लावलं, येते म्हणाल्या. मला म्हणाल्या, तुम्हीपण चला सोबत. लग्नाच्या दिवशी मला शाळेतून सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी घरी आले तर त्या दुकानातच होत्या, अंगावर जरीकाठी लुगडं, समोर कुणाचा तरी सुटा केलेला स्टोव्ह.

मी विचारलं, लग्न कसं झालं.

त्या मोटार स्टँडवर जाऊन बसल्या होत्या. हळ्ळीखेडची एक मोटार गेली, मग दुसरी गेली. त्या घरातल्या पंगतीत बसायचं, नवऱ्या मुलाच्या बापाच्या त्या हातावर आहेर ठेवायचा, आणि पोटातली ती एक गोष्ट तशीच ठेवून जेवायचं, हे त्यांना जमेना. ऊन वर आलं तशा त्या उठून घरी आल्या. आहेराचं पातळ आणि टॉवेल मला देत म्हणाल्या, "तिकडचं कुणी आलं तर धाडा." मी ते पुढच्या बाजारी पाठवलं. त्या घरून पुन्हा कुणी आलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, वाती वळत बसलेल्या असताना, त्या आपणहून म्हणाल्या, "जायला पायजे हुतं." मी म्हटलं, अजून जाता येईल, मी येते सोबत. त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्या की नको, ते मला कळलं नाही, आणि त्याच हिवाळ्यात माझी बदली झाली.